अकरा पैशांचा ट्रक

कॉमर्सच्या पदवीधराला जगातली कोणतीही वस्तू दोन प्रकारांनी म्हातारी करता येते. एक सरळ रेषेची पद्धत. दरसाल ठरावीक रक्कम घसारा म्हणून वजा करत जायचं. एके दिवशी वस्तूची किंमत शून्य होते आणि ती हिशेबातून सुटते. दुसरी घटत्या शिलकीची पद्धत. हिच्यात उरलेल्या किमतीवर टक्केवारी काढतात, त्यामुळे वस्तू झिजत झिजत जाते, पण शून्याला काही पोचत नाही. आमच्या आळीतल्या एका काकूंची प्रकृती गेली वीस वर्षं याच पद्धतीने चालू आहे.

या दुसऱ्या पद्धतीने मी बँकेच्या मधल्या सुट्टीत एक हिशेब केला. १९५१ साली १० हजार रुपयांना घेतलेला एक ट्रक धरा. दरसाल १५ टक्के घसारा. ७० वर्षं. उत्तर आलं ११ पैसे. पुन्हा केला, पुन्हा ११ पैसेच. आता पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेलेली. म्हणजे असा ट्रक रोखीने विकत घेणं कायद्याने अशक्य. तो माझ्या मेहुण्याने साडेतीन लाखांना घेतला. चेकने.

मेहुणा साखर कारखान्यात केमिस्ट आहे. दिवसभर साखर पाहणाऱ्या माणसाला आयुष्यात काहीतरी गंजलेलं हवंसं वाटत असावं. ट्रक मिळाला तोही गुळाच्या गावात, कोल्हापूरच्या अलीकडे, एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या छपराखाली. ट्रक म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो दहा चाकी, मागे 'बुरी नजरवाले' लिहिलेला नव्हे. हा पिकअप. पुढे दोघातिघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. शेवरलेट कंपनीचा, अर्ध्या टनाचा.

पिकअपची जन्मकथा मोठी मजेशीर आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी फोर्डची 'मॉडेल टी' मोटार घेतली तेव्हा त्यांच्या लगेच लक्षात आलं, की गाडीचा पुढचा भाग उपयोगी आहे आणि मागचा भाग म्हणजे पाहुण्यांची सोय. शेतकरी व्यवहारी असतो. त्याने करवत आणली, मागचा भाग कापून काढला आणि तिथे लाकडी खोकं ठोकलं. हे पाहून १९२५ साली फोर्डने कारखान्यातूनच तसं खोकं लावलेली गाडी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. पहिल्या सालातच ३४ हजारांच्या आसपास गाड्या खपल्या. लोक घरी फुकट करत असलेली गोष्ट नीट फॉर्म भरून घेऊन त्यांनाच विकायची, हे तंत्र आम्हां बँकवाल्यांना नवीन नाही.

ऑस्ट्रेलियातली हकिकत याहून घरगुती. तिथल्या एका शेतकरणीने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं म्हणतात, की मला अशी गाडी द्या, जिच्यातून रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजाराला नेता येतील. लू बँड नावाच्या तरुण डिझायनरने ते मनावर घेतलं आणि १९३४ साली गिलाँगच्या कारखान्यातून तशी गाडी बाहेर पडली. एका गृहिणीच्या पत्रावर कंपनीने काही केल्याचं जगाच्या इतिहासात दुसरं उदाहरण असेल तर मला कळवावं. आमच्या घरातून मिक्सरबद्दल चार पत्रं गेलेली आहेत.

मुद्दा असा, की पिकअपचा सगळा मान त्याच्या मागच्या बाजूला आहे. आपल्या भाषेला हे इंग्रजीपेक्षा चांगलं कळलेलं दिसतं. आपण ट्रकच्या त्या जागेला हौदा म्हणतो. हत्तीवरच्या हौद्यात राजा बसायचा. इथे गुळाच्या ढेपा बसतात, वऱ्हाड बसतं, निवडणुकीत तर कोणीही बसतं. पण शब्द तोच.

आता अमेरिकेतली ही चीज कोल्हापुरी गुळाला कशी चिकटली? तर शिवडीमार्गे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईला शिवडीत कारखाना काढला. पेट्यांमधून सुटे भाग बोटीने यायचे आणि शिवडीत त्यांची मोटार व्हायची. बसून जेवायची पत्रावळ आयती आणि वाढपी फक्त आपले, असा प्रकार. पण वाढपीसुद्धा हळूहळू स्वयंपाक शिकतोच. शेवरलेटची गाडी आपल्याकडे इतकी मुरली, की १ जून १९४८ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली, ती बेडफर्ड होती खरी, पण एस.टी.च्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्डच्या पंगतीला शेवरलेटही होती.

मेहुण्याचा ट्रक आहे तो कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली काढलेल्या नव्या घाटाचा. तोंडावर पाच आडव्या पट्ट्या, बॉनेट फुगलेलं, मडगार्डं गोल. एकंदर चेहरा नुकतीच सुपारी तोंडात टाकलेल्या सुखवस्तू सावकाराचा. सहा सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन. बॅटरी सहा व्होल्टची, त्यामुळे दिवे लागले आहेत की नाहीत हे खाली उतरून बघावं लागतं. स्टार्टर पायाने दाबायचा. आणि वायपर चालतात ते इंजिनाच्या ओढीवर, विजेवर नव्हे. याचा परिणाम असा, की चढावर ॲक्सिलरेटर दाबला की वायपर मंदावतात आणि पाय काढला की जोरात फिरतात. म्हणजे पावसात घाट चढताना एकतर पुढे जाता येतं किंवा पुढचं दिसतं. दोन्ही एकदम नाही. सरकारी धोरणाची इतकी सोपी प्रतिकृती मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

धोरणाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण या ट्रकचं नशीब तिथेच फिरलं. स्वातंत्र्यानंतर सरकारचं म्हणणं पडलं, की नुसती जुळणी नको, गाडीचे भाग इथेच बनवा. १९५३ साली टॅरिफ कमिशनने तशी शिफारस केली: इथे उत्पादन करायचा कार्यक्रम असेल त्यांनी राहावं, बाकीच्यांनी नमस्कार करावा. १९५४ साली जनरल मोटर्सने शिवडीचा नमस्कार केला. (पुढे हीच कंपनी पुन्हा भारतात आली, तळेगावला मोठा कारखाना काढला आणि २०१७ साली इथली विक्री पुन्हा बंद करून गेली. दोनदा येऊन दोनदा परत गेलेला जावई आमच्या नात्यातही एक आहे.) धोरण चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्यातूनच कुर्ल्याला, जमशेदपूरला, मद्रासला कारखाने उभे राहिले. पण १९५१ साली शेवरलेट घेऊन बसलेल्या माणसाची अवस्था काय झाली असेल? गाडी दारात, माहेर सातासमुद्रापार, आणि स्पेअर पार्ट मिळायचा तर मुंबईच्या चोरबाजारात, तोही दुसऱ्या कुणाच्या गाडीतून निघालेला.

इथून पुढे अमेरिकेतला इतिहास आणि आपला इतिहास वेगळ्या वाटांनी जातात. अमेरिकेत गाडी जुनी झाली की टाकून देतात, ती गवतात पडते आणि तिसऱ्या पिढीतला कोणी हौशी तिला उचलून नवी करतो. यालाच रिस्टोरेशन म्हणतात. आपल्याकडे गाडी टाकतच नाहीत, त्यामुळे ती उचलण्याचा प्रश्नच येत नाही. शेवरलेटचा गिअर गेला, जीपचा घातला. रेडिएटर फुटला, पितळ्याच्या भांड्यांना झाळ देणाऱ्याकडून सांधून घेतला. पेट्रोल परवडेना तेव्हा मूळ इंजिन काढून मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं. असं करत करत हा ट्रक जवळजवळ ५० वर्षं पोटापाण्याचं काम करत होता.

ट्रकचे मालक ब्याऐंशी वर्षांचे होते. गावात त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत गूळ घालायला तेव्हा बैलगाड्या जायच्या. त्या रांगेत हे पाच पट्ट्यांचं तोंड पहिल्यांदा शिरलं तेव्हा बैल बुजले, आणि वडिलांना बैलांच्या मालकांची माफी मागत पेठेच्या टोकापर्यंत जावं लागलं, असं अण्णांनी सांगितलं. व्यवहार झाल्यावर त्यांनी विचारलं,

"पावनं, काय घालनार ह्यात? ऊस का शेणखत?"

"काही नाही अण्णा. रिस्टोर करणार."

"म्हंजी?"

"म्हणजे होती तशी करायची."

"हाय तशी हायच की," अण्णा म्हणाले.

मेहुण्याला 'होती' आणि 'आहे' यांतलं अंतर पैशात मोजता येईना, म्हणून तो माझ्याकडे आला. "दाजी, तुमच्या बँकेतनं काही होईल का?" मी विचारलं, तारण काय? म्हणाला, ट्रकच. मी त्याला ११ पैशांचा हिशेब दाखवला. त्यातला पाव हिस्सा मार्जिन म्हणून तुझा, उरलेल्या सव्वाआठ पैशांचं कर्ज मंजूर करायची मी शिफारस करू शकतो म्हणालो. सौभाग्यवती दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "माझ्या भावाची हौस तेवढी दिसते, स्वतःची पुस्तकांची कपाटं दिसत नाहीत," एवढं मात्र भिंतीला उद्देशून झालं.

पण पैशांपेक्षा मोठी अडचण कायद्याची निघाली. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. नियम चांगले आहेत. तोवर आपल्याकडे जुनी गाडी आणि भंगार यांत कागदोपत्री फरकच नव्हता. वाहन ५० वर्षांपेक्षा जुनं हवं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुढे पुन्हा नोंदणी करताना ५ हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं, आणि नोंदणी १० वर्षांची. म्हणजे ७० वर्षांच्या ट्रकला दहा वर्षं, आणि मला पाच वर्षांच्या ठेवीचं नूतनीकरण करताना हयातीची शंका. असो. खरी गंमत पुढच्या दोन अटींत आहे.

पहिली अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात हवं. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आता मला सांगा, ज्या ट्रकने मॅटॅडोरचं इंजिन बसवून घेतलं नाही, तो १९७०च्या दशकातच भंगारात गेला. जो जगला तो फेरफार करूनच जगला. म्हणजे जगण्यासाठी केलेली धडपड हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. ज्याने काहीच काम केलं नाही, संस्थानिकाच्या तबेल्यात मखमली आच्छादनाखाली झोपून राहिला, तो मात्र अस्सल. बँकेत बढतीच्या वेळी हेच पाहत आलो आहे, त्यामुळे मला धक्का बसला नाही.

दुसरी अट तर पिकअपच्या वर्मावरच आहे. व्हिंटेज वाहन धंद्यासाठी वापरायचं नाही. नेहमीचा वापरही नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतंच रस्त्यावर आणायचं. मोटारीचं त्यात फारसं बिघडत नाही. मोटार ही निम्मी दाखवायचीच वस्तू. पण ओझं वाहण्यासाठी शेतकऱ्याने करवत चालवून जन्माला घातलेली ही जात! तिला इतिहासात जागा मिळणार, ती हौदा रिकामा ठेवायच्या बोलीवर. अमेरिकेतले हौशी लोकही कायदा नसताना हेच करतात म्हणे. कारखान्यातून निघताना हौद्याच्या फळ्यांना नुसता रंग फासलेला असे. हे लोक तिथे ओकचं लाकूड बसवून आरशासारखं पॉलिश करतात आणि मग त्यावर साधी पिशवी ठेवायला जीव होत नाही.

मेहुणा मात्र हटला नाही. मूळ इंजिन कुठे गेलं याचा त्याने शोध लावला. ते त्याच गुऱ्हाळात, दहा पावलांवर, पालापाचोळ्याखाली होतं. ट्रकमधून काढल्यावर अण्णांच्या वडिलांनी ते उसाच्या चरकाला जोडलं होतं आणि त्याने आणखी काही हंगाम रस काढला होता. गाडी आणि इंजिन असे दोघे भाऊ एकाच छपराखाली राहून एकमेकांना ओळखत नव्हते. चासीवरचा आणि आर.सी. बुकातला नंबर त्याच्याशी जुळला तेव्हा मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हिंदी सिनेमात अशा वेळी गाणं असतं; इथे गुरव आळीतलं एक कुत्रं भुंकलं.

हे इंजिन चालू करण्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक मिस्त्री शोधून काढावे लागले. वय पंचाहत्तरच्या पुढे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, तिथल्या मिस्त्र्याला इंजिनाचं काय, असा त्यांचा एकूण आविर्भाव. तो खोटाही नव्हता. या शेवरलेट इंजिनाची एक खोड आहे. आजकालच्या इंजिनात बेअरिंगचे शेल तयार मिळतात, झिजले, बदलले. याच्यात कनेक्टिंग रॉडच्या तोंडातच व्हाइट मेटल ओतलेलं असतं. कथील, तांबं आणि अँटिमनी यांचा हा मऊ मिश्रधातू. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकनाने १८३९ साली त्याचं पेटंट घेतलं. मऊ अशासाठी, की कचरा शिरला तर यानेच मार खावा आणि क्रँक वाचावा. रॉडच्या खाली चमच्यासारखं टोक असतं, ते दर फेरीला तेलाच्या पन्हाळीत बुडून बेअरिंगला तेल पाजतं. आमटी ओरपत जेवणाऱ्या माणसाची आठवण होते, पण पोट भरतं.

व्हाइट मेटल ओतताना मी पाहिलं. रॉड तापवला, त्याला आधी कथलाचा हात दिला, मग कढईतला रस ढवळून, वरची मळी बाजूला सारून एका धारेत ओतला. "धार तुटली का पुन्ना पैल्यापास्नं," मिस्त्री म्हणाले. रस तापला किती हे बघायला थर्मामीटर नाही; सुकलेली काडी बुडवून तिचा रंग बघायचा. गुऱ्हाळातला गुळव्या पाकाची गोळी पाण्यात टाकून बघतो, तसंच हे. मग बोअरिंग, मग क्रँकला निळा रंग लावून टेकवायचं, जिथे डाग उमटेल तिथे खरवडायचं, पुन्हा टेकवायचं. सहा रॉडना अकरा दिवस लागले. मी विचारलं, हे आणखी कोण करतं? त्यांनी शेजारच्या दोन बंद शटरांकडे बोट केलं. "त्यो करायचा. त्यो बी करायचा." त्यांचा मुलगा पुण्यात मोबाइलच्या कंपनीत आहे. नियमांत चासी, बॉडी, इंजिन, फी, अक्षरं सगळं आहे. हा मनुष्य कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मेहुण्याची आणि मिस्त्र्यांची खडाजंगी झाली ती मात्र हौद्यावरून. जुन्या फळ्या काळ्याठिक्कर पडलेल्या, गुळाच्या पाण्याने चिकट. मेहुण्याने सागवान आणलं. मिस्त्री म्हणाले, बाकी सगळ्या काढा, डावीकडची कडेची एक ऱ्हाऊ द्या. मेहुणा म्हणाला, मॅच होणार नाही. मिस्त्री म्हणाले, मग इंजिन बी मॅच हुईतोवर थांबा. ज्याच्या हातात आपली सहा बेअरिंगं आहेत त्याच्याशी फार ताणू नये, हे केमिस्टलाही कळतं. फळी राहिली. तिच्यावरून पॉलिश फिरवलं, तरी ती पंगतीत धोतर नेसून बसलेल्या आजोबांसारखी उठून दिसायचीच.

ट्रक पुरा झाला, नव्या नंबराचा झाला, तेव्हा अण्णांना दाखवायला गावी नेला. (नियमाच्या भाषेत: प्रदर्शन.) हिरवा रंग, पाच पट्ट्या चकाकताहेत, पायाने स्टार्टर दाबला की सहा सिलिंडर शिस्तीत गुरगुरताहेत. गाव जमला. अण्णांनी पुढचं काही पाहिलं नाही. ते थेट मागे गेले, फाळका पाडला आणि डावीकडच्या फळीवर हात फिरवायला लागले. तिथे पॉलिशखाली खाचा होत्या. चार उभ्या, पाचवी त्यांना छेदून आडवी. अशा ओळीच्या ओळी. मी पुढे झालो, कारण हे आमच्या खात्यातलं काम होतं.

"अण्णा, या ढेपांच्या खुणा का?"

"ढेपा वहीत आस्त्यात. ह्या खेपा. आमचं वडील पटाशीनं मारायचं."

"सगळ्या खेपा?"

"सगळ्या कशाला? फकस्त भाडं आलं न्हाय त्येवढ्याच."

मी मोजल्या. सतरा होत्या. एकाच अडत्याच्या. मुदतीच्या कायद्याप्रमाणे असं येणं तीन वर्षांत वसूल करायचं असतं. ही मुदत माझ्या जन्माआधीच टळून गेलेली. अडत्याचं दुकान आता कुठे आहे, खेपेला भाडं काय होतं, असं मी विचारत होतो आणि अण्णा आठवून आठवून सांगत होते. मेहुणा मात्र अस्वस्थ होता. अण्णांच्या नातवाने मधेच एक गुळाची ढेप उचलून हौद्यात, सागवानावर, ठेवली होती, आणि तिच्याखाली निदान वर्तमानपत्र तरी घालावं म्हणून तो कागद शोधत होता.

"ऱ्हाऊ द्या वो," अण्णा म्हणाले, "ही घरी न्या. आन् ह्यो साहेब बँकेतला हाय म्हंता, तर त्येला म्हनावं तेवढ्या सतरा खेपांचं बघ."

परतीच्या वाटेवर ढेप मांडीवर घेऊन मी केबिनमध्ये बसलो आणि व्याज काढायला लागलो. चक्रवाढीने.